घरभाड्याची न्याय्य वाढ : सातारा-सांगलीचे गणित

दर वर्षी मे-जून महिन्यांत सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत घरे बदलण्याची लगबग सुरू होते. सरकारी-निमसरकारी नोकरांच्या बदल्या, बँकांतील नेमणुका, शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश आणि अकरा महिन्यांच्या करारांची मुदत हे सारे याच सुमारास एकत्र येते. घरमालक दहा टक्के वाढ मागतो, भाडेकरूला पाचशे रुपयेही जड वाटतात आणि मध्यस्थ एजंट 'मार्केटच तसे आहे' असे सांगून मोकळा होतो. हे 'मार्केट' नेमके काय आहे, ते कोणी मोजले आणि वाढ मागण्याचा हक्क कुठून सुरू होऊन कुठे संपतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. पुण्या-मुंबईत भाड्याचे दर रोज छापून येतात. लहान शहरांत ते शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ठरतात. त्यामुळे एका इमारतीतील दोन सारख्या सदनिकांच्या भाड्यात दोन-दोन हजारांचा फरक आढळतो आणि तो कोणाला खटकतही नाही.

एका जिल्ह्याची दोन शहरे

सातारा आणि सांगली यांचा प्रशासकीय इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. पुढे दोन्ही शहरांची वाढ वेगळ्या वाटांनी झाली. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांवर होती. साताऱ्यात नगरपालिकाच राहिली, तिची तेव्हाची लोकसंख्या एक लाख वीस हजारांच्या घरात होती. २०२० सालच्या हद्दवाढीने शाहूपुरी, विलासपूर यांसारखी उपनगरे पालिकेत आली. एरवी ही उपनगरे कित्येक वर्षे मनाने शहरात आणि कागदावर ग्रामपंचायतीत होती.

या फरकाचा भाड्यावर प्रत्यक्ष परिणाम होतो, आणि तो एका अनपेक्षित मार्गाने होतो. केंद्र सरकारने घरभाडे भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गीकरणात सांगली नागरी समूह 'वाय' वर्गात आहे, तर सातारा 'झेड' वर्गात. १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार 'वाय' शहरात मूळ वेतनाच्या २० टक्के, तर 'झेड' शहरात १० टक्के भत्ता ठरला. म्हणजे ४० हजार रुपये मूळ वेतन असणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला सांगलीत ८ हजार रुपये भत्ता मिळतो आणि त्याची बदली साताऱ्यात झाली की तो ४ हजारांवर येतो. साताऱ्यातील घरमालक मात्र त्याच्याकडून निम्मे भाडे घेत नाही. पोवई नाका, सदर बझार किंवा गोडोली परिसरातील चांगल्या सदनिकेचे भाडे विश्रामबागेतील तशाच सदनिकेच्या निम्मे असते, असे तेथे राहिलेला कोणीही म्हणणार नाही. नोकरदार भाडेकरूंची संख्या मोठी असलेल्या शहरात हा भत्ता भाड्याची अघोषित पायरी बनतो. सांगलीत भत्ता वाढल्याची बातमी आली की दोन-तीन महिन्यांत भाडेवाढीची भाषा सुरू होते. भत्ता सगळ्यांना मिळत नाही, वाढ मात्र सगळ्यांकडून मागितली जाते.

सरासरी म्हणजे काय?

'दोन बेडरूमच्या फ्लॅटचे सरासरी भाडे किती?' हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. या शहरांसाठी भाड्याची अधिकृत सरासरी नियमितपणे जाहीर होत नाही आणि मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना सर्वजण 'रेडी रेकनर' म्हणतात, ते जमीन व बांधकामाचे मूल्य सांगतात, भाडे नव्हे. तेव्हा सरासरी ज्याची त्यानेच काढावी लागते आणि ती काढताना एक चूक हमखास होते.

समजा, एखाद्या वसाहतीत दोन बेडरूमच्या दहा सदनिका भाड्याने गेल्या आहेत आणि त्यांची भाडी अनुक्रमे ७,०००, ७,५००, ८,०००, ८,०००, ८,५००, ८,५००, ९,०००, ९,५००, १४,००० आणि १८,००० रुपये आहेत. शेवटच्या दोन सदनिका फर्निचर, एसी आणि लिफ्टसह कंपनीने अधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या. या दहांची साधी सरासरी ९,८०० रुपये येते. घरमालक हा आकडा पुढे करतो, पण दहापैकी आठ घरांचे भाडे त्याहून कमीच आहे. सगळी भाडी चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, तर तो ८,५०० रुपये येतो. त्या वसाहतीतील सर्वसाधारण कुटुंब प्रत्यक्षात जे भाडे देते, त्याच्याशी जुळणारा आकडा हाच. लहान शहरात सौद्यांची संख्या कमी असते, म्हणून एक-दोन अपवादात्मक सौदे सरासरीला कुठल्या कुठे नेऊन ठेवतात. मधला आकडा घेण्याची सवय लागली, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

हे आकडे मिळवायचे कुठून? जाहिरातींत आणि एजंटाच्या तोंडी असते ते मागितलेले भाडे. दिलेले भाडे कळण्याचा अधिक विश्वासार्ह मार्ग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आहे. तेथील 'ई-सर्च' सुविधेत नोंदणीकृत दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते, तीत लीव्ह अँड लायसन्सचे करारही असतात. गावाचे नाव आणि मिळकतीचा क्रमांक माहीत असेल, तर शेजारच्या इमारतीतील करार कितीचा झाला याचा अंदाज घेता येतो. अर्थात, काही जण मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी कागदावर भाडे कमी दाखवून उरलेले रोखीने घेतात, त्यामुळे तेथील आकडा हा तळाचा आकडा समजावा.

तुलना करताना सारख्याशी सारखे जुळवणे हे दुसरे पथ्य. विक्रीच्या वेळी सांगितलेले 'बिल्टअप' क्षेत्र आणि प्रत्यक्ष वापराचे चटई क्षेत्र यांत मोठी तफावत असते, म्हणून भाडे चटई क्षेत्राच्या दर चौरस फुटाने मोजावे. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, वाहनतळ आहे की गाडी रस्त्यावर उभी करायची, नळाला पाणी किती वेळ येते आणि बोअरचे पाणी आहे का, हे तपासावे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील पेठांत राहणाऱ्यांना पाण्याच्या दाबाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. विद्यार्थ्यांना दर माणशी दराने, म्हणजे 'कॉट बेसिस'वर, दिलेल्या खोल्यांची बेरीज कुटुंबाच्या भाड्याशी तोलू नये. विश्रामबाग परिसरात विलिंग्डन आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे आणि २०२१-२२ पासून साताऱ्यात सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे असे भाडे वाढते. चार विद्यार्थ्यांकडून मिळणाऱ्या रकमेची सवय झालेल्या घरमालकाला मग चौघांचे कुटुंब परवडेनासे होते. या शहरांतील सर्वांत मोठा अन्याय बहुधा इथेच होतो आणि त्याला कोणताही कायदा अडवत नाही.

पुराची रेषा

सांगलीतील भाड्याचा विचार कृष्णेला वगळून करता येत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५४ फुटांच्या पुढे. त्यापूर्वी २००५ चा पूर लोकांच्या स्मरणात होताच. गावभाग, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, शामरावनगर या भागांत घर बघायला जाणारा माणूस आता भिंतीवरील पाण्याची खूण आधी शोधतो. तळमजल्याची सदनिका म्हाताऱ्या माणसांसाठी सोयीची म्हणून पूर्वी अधिक भाड्याची असे. आता पूररेषेतील तळमजला स्वस्त आणि दुसरा मजला महाग असा उलटा क्रम लागला आहे. उंचावरील विश्रामबाग आणि कुपवाड रस्त्याकडे मागणी सरकली, ती याच कारणाने.

येथे कायद्यातील दोन तरतुदी भाडेकरूंनी लक्षात ठेवाव्यात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार आग, वादळ, पूर इत्यादींमुळे भाड्याच्या जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्या कामाला कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला असतो. आठ दिवस पाण्यात राहून नंतर धुऊन-पुसून वापरता येणारे घर या व्याख्येत बसत नाही, म्हणून 'पूर आला, आता भाडे बंद' असे परस्पर ठरवणे धोक्याचे. दुसरी तरतूद अधिक उपयोगाची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. पुराच्या आठवड्यात नोटीस लिहिण्याचे भान कोणाला असते, हा प्रश्न आहेच. पण बिले आणि छायाचित्रे जपून ठेवणे तरी शक्य असते.

कायदा काय म्हणतो?

भाडेवाढीच्या प्रश्नाचे मूळ १९४० च्या दशकात आहे. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे 'प्रमाण भाडे' ठरवले आणि ते जवळपास तिथेच गोठले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी आलेला हा तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात निर्णय देताना हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाले असल्याचे स्पष्ट म्हटले. कायद्याची मुदत संपत आलेली असल्याने तो रद्द न करता नवा, न्याय्य कायदा होण्याची अपेक्षा न्यायालयाने ठेवली. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुना मुंबई कायदा जिथे लागू होता, त्या क्षेत्रांना नवा कायदाही लागू झाला.

नव्या कायद्याने आधारदिनांक १ ऑक्टोबर १९८७ धरला. न्यायालयाने आधी प्रमाण भाडे ठरवून दिले नसेल, तर त्या दिवशीचे किंवा त्यापूर्वी शेवटचे जे भाडे होते, त्यावर प्रमाण भाड्याची मांडणी होते. जुन्या भाड्यांना पाच टक्क्यांची एकरकमी वाढ देण्यात आली. कलम ११ नुसार घरमालकाला दर वर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क मिळाला. त्याखेरीज सत्तर टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने इमारतीत सुधारणा केल्यास त्या खर्चाच्या वार्षिक पंधरा टक्क्यांपर्यंतची रक्कम भाड्यात मिळवता येते. स्थानिक संस्थेचे कर वाढल्यास तेवढी वाढ भाडेकरूकडून घेण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे.

चार टक्के हा आकडा ऐकायला वाजवी वाटतो. जुन्या वाड्यांच्या बाबतीत तो किती तोकडा आहे, ते एका उदाहरणाने दिसेल. साताऱ्याच्या एखाद्या पेठेत वाड्यातील दोन खोल्यांचे भाडे १९८७ साली ६० रुपये होते असे धरू. पाच टक्के मिळवून ६३ रुपये. त्यावर पंचवीस वर्षे दर साल चार टक्के चक्रवाढीने धरले, तरी १६८ रुपये होतात, सरळ वाढीने धरले तर १२६. वाड्याच्या कौलांची एक दुरुस्तीही त्या वर्षभराच्या भाड्यात होत नाही. म्हणून घरमालक दुरुस्ती करीत नाही, वाडा खचत जातो आणि एक दिवस नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. भाडेकरूला वाटते, आपल्याला काढण्यासाठीच वाडा पडू दिला. मालकाला वाटते, चार पिढ्यांचा वाडा दीडशे रुपयांत दुसऱ्याने राखला. दोघांचेही पुरते खोटे नसते.

अशा नोटिशीने भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो, हा समज मात्र चुकीचा आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ साली निर्णय दिला की, इमारत पाडली गेल्याने भाडेकरार संपत नाही, कारण भाड्याचा संबंध खालच्या जमिनीशीही असतो. त्याआधीचा उलट निर्णय या निकालाने मोडीत निघाला. दोन्ही शहरांच्या जुन्या भागांत राहणाऱ्यांसाठी हा निकाल महत्त्वाचा आहे.

भाडे थकले म्हणून लगेच घर खाली करावे लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कलम १५ नुसार थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस गेल्याखेरीज दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, पंधरा टक्के दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरल्यास ताबा वाचतो. भाडे वाढवून दिले नाही म्हणून पाणी किंवा वीज तोडणाऱ्या घरमालकाला कलम २९ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे, न दिल्यास दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. पावती न मागणारे भाडेकरू आणि न देणारे मालक या दोघांचीही संख्या मोठी आहे. पुढे भांडण झाले की दोघांकडेही पुरावा नसतो.

अकरा महिन्यांचा करार

नव्या सदनिकांचे चित्र वेगळे आहे. नव्याने बांधलेल्या इमारतींतील किंवा सलग वर्षभर भाड्याने न दिलेल्या जागांना प्रमाण भाड्याची बंधने लागू होत नाहीत आणि बहुतेक सदनिका 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुज्ञप्ती कराराने दिल्या जातात. त्यामुळे व्यवहारात तेथे करारात लिहिलेली वाढ हीच खरी. चार टक्क्यांचे कलम दाखवून विश्रामबागेतील फ्लॅटचा मालक बधत नाही.

करार अकरा महिन्यांचाच का, याचे उत्तर नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांना त्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी वर्षाच्या आतला करार शोधला. पण महाराष्ट्रात २००० सालापासून ही पळवाट बंद आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली, तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे दोन्ही शहरांतील अनेक मालकांना वाद न्यायालयात गेल्यावर कळते.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. अनुज्ञप्ती कराराला एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के काल्पनिक व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आहे. ८,५०० रुपये भाडे, अकरा महिने आणि २५ हजार अनामत धरल्यास ते तीनशे रुपयांच्या आत राहते. नोंदणी शुल्क शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे रुपये. करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो, मग दर अकरा महिन्यांनी हाच खर्च आणि एजंटाची एका महिन्याची दलाली कशासाठी, हा प्रश्न दोघांनीही स्वतःला विचारण्याजोगा आहे. तीन वर्षांचा करार करून त्यात दर वर्षीची वाढ आधीच लिहून ठेवणे, हा भाडेवाढीच्या वादावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नोंदणीचा फायदा मालकालाही तितकाच. मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करार हा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. विरोध करू इच्छिणाऱ्याला तीस दिवसांत परवानगी मागावी लागते. दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट बरीच आखूड आहे.

मग न्याय्य वाढ किती?

चालू भाडेकरूला मागावयाच्या वाढीचे तीन घटक असतात. पहिला, मालकाचा प्रत्यक्ष वाढलेला खर्च. ८,५०० रुपये भाड्याच्या सदनिकेवर घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स असा वर्षाला १७ हजारांचा खर्च मालक सोसतो आणि तो दहा टक्क्यांनी वाढला असे धरले, तर वाढ १,७०० रुपयांची होते. महिन्याला सुमारे १४२ रुपये, म्हणजे भाड्याच्या पावणेदोन टक्क्यांहून थोडी कमी. 'कर वाढले म्हणून दहा टक्के' ही मागणी इथेच उघडी पडते.

दुसरा घटक महागाईचा. २०१६ साली स्वीकारलेल्या चलनविषयक चौकटीत रिझर्व्ह बँकेपुढे चार टक्के महागाईचे लक्ष्य ठेवले गेले, दोन टक्के इकडे-तिकडे मुभेसह. भाडे कायद्यातील चार टक्के त्याच्या कितीतरी आधीचे. पण दोन्ही आकडे जुळतात आणि एवढी वाढ मिळाली तर मालकाच्या भाड्याची खरेदीशक्ती साधारण टिकते. हाती उरणाऱ्या भाड्याची किंमत टिकवणे आणि वाढलेला खर्च भरून काढणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर चार ते सहा टक्क्यांच्या पलीकडे जाण्याचे कारण उरत नाही.

तिसरा घटक, ज्यावरून खरा वाद होतो, तो गुंतवणुकीवरील परताव्याचा. तीस लाखांच्या सदनिकेचे ८,५०० रुपये भाडे वर्षाला १ लाख २ हजार होते. एक महिना घर रिकामे राहिले, वरील १७ हजार खर्च आणि रंग-दुरुस्तीचे आठ हजार वजा केले, तर ६८,५०० रुपये उरतात. हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. बँकेतील मुदतठेव याहून कितीतरी अधिक देते, असे मालक म्हणतो आणि त्याचे गणित बरोबर असते. फक्त ते अपुरे असते. सदनिकेची किंमत वाढते ती मालकाच्याच पदरात पडते, मुदतठेवीची मुद्दल वाढत नाही. किमतीवरील परतावा भाडेकरूकडून वसूल करायचा आणि किमतीतील वाढही ठेवायची, हे दोन्ही बाजूंनी खाणे झाले. पेन्शन नसलेल्या, एका सदनिकेच्या भाड्यावर औषधपाणी भागवणाऱ्या वृद्ध मालकाची गोष्ट निराळी. तिथे भाडे हे उत्पन्न असते, गुंतवणूक नव्हे, आणि महागाईएवढी वाढ नाकारणे हा त्याच्यावरचा अन्याय ठरतो.

दहा टक्क्यांची मागणी किती धावते, ते पाहण्यासारखे आहे. ८,५०० रुपयांचे भाडे दर साल चार टक्के वाढीने पाच वाढींनंतर १०,३४२ रुपये होते, पाच टक्क्यांनी १०,८४८ आणि दहा टक्क्यांनी १३,६८९. त्यातही वाढ दर अकरा महिन्यांनी होत असेल, तर दहा टक्के हे वार्षिक हिशेबाने अकरा टक्के होतात. पगार दर साल अकरा टक्क्यांनी वाढणारे कुटुंब या शहरांत शोधावेच लागेल. अशी वाढ एकदाच, भाडे कित्येक वर्षे बाजाराच्या खूप मागे राहिले असताना किंवा मालकाने खरोखर नवी सोय करून दिली असताना, समर्थनीय ठरते.

सोसायटीच्या नावाखाली मागितल्या जाणाऱ्या एका रकमेकडेही लक्ष द्यावे. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल गृहनिर्माण संस्था 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' म्हणजे बिगर-भोगवटा शुल्क आकारतात. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क पालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सेवाशुल्क महिना हजार रुपये असेल, तर शंभर रुपये. ते मालकाने भरावयाचे असते. 'सोसायटी भाडेकरूसाठी पाचशे जास्त घेते' असे सांगून ते भाड्यात मिळवले जात असेल, तर संस्थेची पावती मागावी.

अनामतीबाबत राज्याच्या कायद्यात अशी थेट कमाल मर्यादा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आणि भाडेवाढीपूर्वी तीन महिन्यांची लेखी सूचना सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज असा मसुदा बंधनकारक होत नाही, पण करार लिहिताना दोन्ही अटी उचलून घेण्यास कोणाची हरकत नसावी. करारात आणखी चार ओळी अवश्य असाव्यात: वाढ कोणत्या तारखेपासून आणि किती, ती मूळ भाड्यावर की वाढलेल्या भाड्यावर, मेंटेनन्स व पाणीपट्टी कोण भरणार, आणि घर सोडताना रंगकामाची वजावट किती. सांगलीत पूररेषेजवळील जागेसाठी पाचवी ओळ हवी, ती म्हणजे पाणी शिरल्यास घर राहण्याजोगे होईपर्यंतच्या दिवसांचे भाडे द्यावयाचे की नाही.

प्राप्तिकराच्या दृष्टीने दोघांनाही नोंद उपयोगी पडते. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाला पालिकेचे कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी दुरुस्तीची बिले दाखवावी लागत नाहीत. घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असल्यास मालकाचा पॅन द्यावा लागतो. महिन्याला ८,३३३ रुपये ही ती सीमा. वाढीच्या बोलणीत कित्येक घरमालक ८,३०० वर अडून बसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.